दवाखान्याचे आकडे फलकावर आणताना: इंदूरमधल्या नवख्यांसाठी

इंदूरच्या कुठल्याही धर्मादाय दवाखान्यात जा. पर्ची बनवण्याच्या खिडकीवर एक नोंदवही असते, डॉक्टरांच्या टेबलावर दुसरी, औषधांच्या खिडकीत तिसरी. महिनाअखेरीस त्यांच्या बेरजा होतात आणि कागद वर जातो. बाकावर बसलेल्या माणसाला मात्र साध्या गोष्टी कळत नाहीत. आज किती वेळ लागेल? लिहून दिलेलं औषध इथेच मिळेल का? आमच्या वस्तीत ताप खरंच वाढलाय, की नुसती बोलवा आहे? 2017 पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या या शहरात कचऱ्याच्या आकड्यांची चर्चा चहाच्या टपरीवर होते. आपल्या तब्येतीच्या आकड्यांबद्दलही तशीच चौकशी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

मंडळाच्या दवाखान्यात संध्याकाळी सेवा देणारे तरुण, नर्सिंग किंवा फार्मसी शिकणारी मुलं, निवृत्तीनंतर ट्रस्टचे हिशेब पाहणारे काका-मावश्या यांच्यासाठी हा लेख आहे. एक्सेल, लिबरऑफिस किंवा गूगल शीट्स उघडता आलं की पुरे. अशा कामात मी बरीच मदत करते, आणि माझी अट एकच असते. फलकावरच्या आकड्यावर बोट ठेवून कुणी विचारलं, "हा कुठून आला?", तर तिथून मागे चालत मूळ नोंदीपर्यंत पोचता आलं पाहिजे. ही वाट नसेल तर आलेख कितीही देखणा असला तरी तो लावू नये.

पहिली पायरी: प्रश्न रुग्णाचा असू द्या

"आमच्याकडे एवढा डेटा आहे, त्याचं काय करता येईल?" इथून सुरुवात केली की काम भरकटतं. त्यापेक्षा तासभर बाकावर बसा, नंबर लावून बसलेल्यांशी बोला. त्यांच्या तक्रारीतूनच तुमचा प्रश्न निघेल.

व्हिएन्नाच्या सरकारी प्रसूतिगृहात 1840 च्या दशकात दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वरानं सुमारे 10 टक्के बायका दगावत, दुसऱ्यात 4 टक्क्यांहून कमी. शहरातल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं तो फरक गंभीरपणे घेतला. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागतात हे त्याच्या ध्यानात आलं, आणि 1847 च्या मे महिन्यात त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली. त्या एप्रिलमध्ये पहिल्या विभागाचा मृत्युदर 18.3 टक्के होता. जूनमध्ये तो 2.2 वर आला, जुलैमध्ये 1.2 वर. एवढा स्पष्ट पुरावा हाती असूनही त्याचं पुस्तक निघालं थेट 1861 मध्ये, आणि तोवर विरोध घट्ट झाला होता. मला या हकिगतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. प्रश्न आधी रुग्ण बायकांना कळला होता, आणि आकडे वेळेवर, सगळ्यांना दिसतील असे मांडले गेले नाहीत.

प्रश्न मोजता येईल इतका नेमका लिहा. "गर्दी कमी झाली का?" याला उत्तर नाही. "संध्याकाळच्या ओपीडीत पर्ची बनल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत किती मिनिटं जातात, आणि जुलैपासून ती कमी होताहेत का?" याला आहे. शिवाय उत्तर मिळाल्यावर कोण काय बदलणार, हेही आत्ताच विचारून ठेवा. संध्याकाळी दुसरे डॉक्टर बसवण्याची ट्रस्टची तयारीच नसेल, तर प्रतीक्षेऐवजी औषधांच्या साठ्याचा प्रश्न घ्या.

दुसरी पायरी: आकडे कुठे मिळतात, आणि ते काय सांगू शकत नाहीत

तुमच्या दवाखान्याची नोंदवही हा पहिला स्रोत. शहर-जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर सरकारी स्रोत आहेत, पण प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होतं. पाचवी फेरी 2019 ते 2021 दरम्यान झाली, आणि इंदूर जिल्ह्याचं वेगळं तथ्यपत्रक मोफत मिळतं. लसीकरण, रक्तक्षय, दवाखान्यातली बाळंतपणं असे विषय त्यात आहेत. पत्रक वाचताना कंसातले आकडे आणि तारांकित जागा बघत चला. कंसातला आकडा 25 ते 49 जणांच्याच उत्तरांवर बेतलेला असतो. 25 पेक्षा कमी असतील तर आकडा न देता तारांकन (*) दिलेलं असतं. नवखी मंडळी कंस काढून टाकतात आणि आकडा ठळक करून लावतात. कंस ही त्या आकड्याची ताकद सांगणारी खूण आहे, ती आलेखावरही गेली पाहिजे.

बालमृत्यूसाठी नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस, बघतात. 2020 मध्ये हजार जिवंत जन्मांमागे भारतात 28 बालकं वर्षाच्या आत दगावली, केरळात 6, आणि आपल्या मध्य प्रदेशात 43. देशातला तो सर्वात वाईट आकडा होता. पण एसआरएस राज्याचं सांगते, जिल्ह्याचं नाही. राज्याचा आकडा घेऊन "इंदूरमध्ये 43" असं लिहिलं तर ते सरळ चुकीचं ठरेल.

एचएमआयएस हे आरोग्य संस्थांचं मासिक पत्रक 2008 पासून ऑनलाइन आहे आणि आर्थिक वर्षाप्रमाणे, एप्रिल ते मार्च, चालतं. त्यात सरकारी केंद्रांची नोंद बरी असते, खासगी रुग्णालयांची अपुरी. इंदूरसारख्या शहरात, जिथे निम्मे लोक आधी कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जातात असं आपण रोज बघतो, तिथे हा फरक फार मोठा होतो.

साथीच्या आजारांची नोंद एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात होते. आरोग्य कार्यकर्तीनं लक्षणांवरून धरलेले संशयित, डॉक्टरांनी तपासून ठरवलेले संभाव्य, आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले, अशा तीन वेगळ्या यादी तिथे असतात. बातमीतला "रुग्ण" यांपैकी कोणता, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. डेंग्यूचं उदाहरण घ्या. पावसाळ्यानंतर सुदामा नगर किंवा खजरान्यातला प्रत्येक दुसरा माणूस सांगतो की घरात डेंग्यू आहे, आणि सरकारी आकडा मात्र लहान दिसतो. लोकांना लपवाछपवीचा संशय येतो. बऱ्याचदा कारण असं असतं की खासगी लॅबमध्ये झटपट कार्ड-चाचणी होते, तर राष्ट्रीय कार्यक्रम एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं आलेला निकालच निश्चित डेंग्यू म्हणून धरतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. तुमच्या आलेखाखाली "कार्ड-चाचणीवरून" किंवा "एलायझावरून" एवढे दोन शब्द लिहिले तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

जे जाहीर नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. 2005 च्या कायद्यानुसार अर्जाचं शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. अर्ज मुख्य चिकित्सा आणि स्वास्थ्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सगळे ज्याला सीएमएचओ ऑफिस म्हणतात त्याच्या, लोक सूचना अधिकाऱ्याला हिंदीत लिहा. कलम 7(9) प्रमाणे माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपात द्यायची असते, म्हणून "एक्सेल फाइलच्या स्वरूपात" हे शब्द अर्जात घाला. रुग्णांची नावं कधीही मागू नका. महिन्यावार, केंद्रावार बेरजा मागा. "कारणं सांगा" असं न लिहिता "अमुक पत्रकाची प्रत द्या" असं लिहिलं की उत्तर टाळता येत नाही. खासगी ट्रस्टचा दवाखाना सहसा या कायद्याखाली येत नाही. तिथे विश्वस्तांशी बोलून परवानगी मिळवणं हाच मार्ग.

तिसरी पायरी: छेद शोधा

छेद म्हणजे ज्या एकूण संख्येनं भागायचं ती. माझा सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

समजा, एका वॉर्डात डेंग्यूचे 24 रुग्ण आहेत, दुसऱ्यात 15. नुसते स्तंभ काढले तर पहिला वॉर्ड धोक्याचा दिसतो. पहिल्याची वस्ती 30,000 आणि दुसऱ्याची 12,000 असेल तर लाखामागे दर होतो पहिल्यात 80 आणि दुसऱ्यात 125. फवारणीची गाडी आधी कुठे जायला हवी, याचं उत्तर फिरलं. आरोग्याच्या प्रत्येक आकड्याला विचारा: किती जणांपैकी? किती दिवसांत? कोणत्या वयात?

इंदूरमध्ये हा छेद मिळवणं सोपं नाही. वॉर्डवार लोकसंख्येचा शेवटचा प्रसिद्ध आधार 2011 ची जनगणना आहे, तेव्हा इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या 32.77 लाख होती. त्यानंतर आसपासची गावं पालिकेत आली आणि वॉर्ड 69 वरून 85 झाले. म्हणजे 2011 चा "वॉर्ड 40" आणि आजचा "वॉर्ड 40" एक नाहीत. जुन्या लोकसंख्येनं आजच्या वॉर्डाचे रुग्ण भागले तर निघणारा दर निरर्थक असतो. पुढची जनगणना 2027 ची आहे. तिचे वॉर्डनिहाय आकडे हाती येईपर्यंत मी वॉर्डाचा दर काढायचं टाळते. त्याऐवजी दवाखान्यातला छेद वापरा: "या महिन्यात तापानं आलेल्या दर 100 जणांपैकी किती जणांची डेंग्यू चाचणी पॉझिटिव्ह आली?" दोन्ही आकडे तुमच्याच नोंदवहीत आहेत आणि कुणालाही पडताळता येतात.

फार लहान आकड्यांची टक्केवारी काढू नका. गेल्या महिन्यात 2 आणि या महिन्यात 4 रुग्ण असतील तर "शंभर टक्के वाढ" असं लिहिणं म्हणजे लोकांना घाबरवणं. "2 वरून 4" असंच लिहा.

चौथी पायरी: तक्ता नीट भरा

एका रुग्णाच्या एका भेटीची एक ओळ. एका स्तंभात एकच गोष्ट. रकाने जोडू नका, रंगानं अर्थ दाखवू नका. पिवळा रंग म्हणजे "परत आलेला रुग्ण" हे पुढच्या माणसाला कसं कळणार? त्यासाठी वेगळा स्तंभ करा.

काही अडचणी आपल्याकडे हमखास येतात. सरकारी पीडीएफमधला हिंदी मजकूर बऱ्याचदा कृतिदेव फाँटमध्ये असतो. तो चिकटवला की रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा दिसतो. युनिकोडमध्ये बदलणारे मोफत कन्व्हर्टर आहेत, त्यातून काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. पीडीएफमधले तक्ते ओढून काढायला टॅब्युला नावाचं मोफत साधन चांगलं आहे, पण स्कॅन केलेल्या कागदावर ते चालत नाही; तिथे हातानं टंकन आणि दुसऱ्यानं वाचून पडताळणी. वयोगट 5-9 लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. त्या स्तंभाचं स्वरूप आधीच "टेक्स्ट" ठेवा, किंवा "5 ते 9" लिहा. तारखेत दिवस आधी की महिना आधी, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे: त्या दिवशी रुग्ण आले नाहीत, की नोंदवणारी मावशी रजेवर होती? दोन्हींसाठी वेगळ्या खुणा ठेवा.

हा काटेकोरपणा मोठ्यांनाही चुकलेला नाही. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या कोविड आकड्यांतून 15,841 रुग्ण आठवडाभर गायब राहिले. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता आणि त्या प्रकारात 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप कापल्या गेल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवता आलं नाही. यावर उपाय अगदी साधा: फाइल उघडली की आधी ओळी मोजा आणि नोंदवहीतल्या एकूण भेटींशी जुळवा. जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, तिला हात लावू नका. दुरुस्त्या प्रतीवर करा. शेजारच्या पानावर चार-पाच ओळींचा तपशील लिहा: आकडे कोणत्या नोंदवहीतून, कोणत्या तारखांचे, कुणी टंकले, काय वगळलं आणि का. सुरुवातीला मी सांगितलेली मागे चालत जाण्याची वाट ती हीच.

नावं काढायची, पण तेवढ्यानं भागत नाही

नाव, मोबाइल, आधार, आभा (सरकारी आरोग्य ओळख) क्रमांक हे स्तंभ विश्लेषणाच्या फाइलमध्ये येताच कामा नयेत. तरीही माणूस ओळखला जाऊ शकतो. रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत "67 वर्षांच्या बाई, क्षयरोग, अमुक गल्ली" एवढं लिहिलं की सगळ्यांना कळतं, कोण ते. वय दहा-दहा वर्षांच्या गटात टाका, गल्लीऐवजी भाग लिहा, आणि एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं असतील तर "5 पेक्षा कमी" एवढंच छापा. एचआयव्हीच्या बाबतीत 2017 चा स्वतंत्र कायदा गोपनीयता बंधनकारक करतो. त्या नोंदी फलकाच्या कामात घेऊच नका. डिजिटल वैयक्तिक डेटाचा 2023 चा कायदाही आता आहे, म्हणून ट्रस्टकडून लेखी परवानगी घ्या आणि ही फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. माणसानं आपलं दुखणं डॉक्टरला विश्वासानं सांगितलेलं असतं. त्या विश्वासाला धक्का लागणार असेल तर आलेख सोडून द्यावा.

पाचवी पायरी: एक आकडा काढायचा, पण कोणता?

समजा, एका संध्याकाळी दहा रुग्णांनी इतकी मिनिटं वाट पाहिली: 12, 15, 15, 18, 20, 22, 25, 30, 35 आणि 148. सरासरी येते 34 मिनिटं. पण दहापैकी आठ जण 34 मिनिटांच्या आतच डॉक्टरांसमोर बसले होते. एका माणसाच्या 148 मिनिटांनी सरासरी वर ओढली. चढत्या क्रमानं लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतला तर 21 मिनिटं येतात (मधल्या 20 आणि 22 ची सरासरी). "साधारण किती वेळ लागेल?" याचं प्रामाणिक उत्तर ते आहे.

पण मध्यक लिहून थांबू नका, कारण त्यात तो 148 मिनिटं बसलेला माणूस नाहीसा होतो. तो कोण होता? कदाचित ईसीजीसाठी पाठवलेला आणि परत आल्यावर पुन्हा शेवटी बसवलेला. फलकावर दोन ओळी लिहा: "निम्म्या रुग्णांना 21 मिनिटांच्या आत पाहिलं. सर्वात जास्त वेळ 148 मिनिटं लागला." दुसरी ओळ लिहायला ट्रस्टी कचरतात. ती ओळ राहावी म्हणून मी आग्रह धरते, कारण सुधारणा तिथूनच सुरू होते.

सहावी पायरी: आलेख

काळानुसार बदल दाखवायचा असेल तर रेषा. गटांची तुलना असेल तर आडवे स्तंभ, मोठ्याकडून लहानाकडे लावलेले. नवख्यांना एवढे दोनच प्रकार पुरतात. गोल पोळीचे तुकडे केल्यासारखे आलेख टाळा. 23 टक्के आणि 27 टक्के यांतला फरक त्यात डोळ्यांना दिसत नाही. त्रिमितीचे स्तंभ तर कधीच नकोत. स्तंभाची मोजपट्टी शून्यापासून सुरू झालीच पाहिजे, नाहीतर 55 चा स्तंभ 50 च्या दुप्पट उंच दिसू शकतो.

तारखा नेहमी त्यांच्या क्रमानं. हे सांगायला लागू नये, पण 2020 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागानं कोविडचा असा स्तंभालेख लावला होता, ज्यात तारखा मागेपुढे होत्या आणि स्तंभ उंचाकडून ठेंगण्याकडे लावलेले होते. बघणाऱ्याला वाटत होतं की साथ छान ओसरतेय. टीका झाल्यावर तो बदलावा लागला. स्तंभांतले आकडे खरे असूनही मांडणीनं भलतंच सांगितलं जात होतं.

प्रतीक्षेसारख्या गोष्टीसाठी मी आठवड्यावार रेषा काढते आणि मध्यकाची एक आडवी ओळ मारते. एखाद्या आठवड्यात रेषा खाली आली की लगेच पेढे वाटू नका, वर गेली की कुणाला बोलू नका. थोडं वरखाली व्हायचंच. सलग सहा किंवा जास्त बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला पडले तर मात्र काहीतरी खरोखर बदललं असं समजायचं. मध्यकावर बरोबर पडलेला बिंदू मोजायचा नाही. या एका नियमानं बैठकींमधले बरेच फुकटचे वाद वाचतात. बदल केला त्या तारखेला, उदाहरणार्थ दुसरी पर्ची-खिडकी सुरू झाली तेव्हा, आलेखावर उभी रेघ मारून ते तिथेच लिहा.

नकाशाचा मोह सगळ्यांना होतो. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं साधन मोफत आहे आणि शिकण्यासारखं आहे, पण छेदाचं वर लिहिलेलं सगळं इथे दुपटीनं लागू होतं. शिवाय शहराच्या कडेचे पसरट वॉर्ड नकाशावर मोठे दिसतात आणि राजवाड्याभोवतीची दाट वस्ती ठिपक्याएवढी. डोळा मोठ्या रंगीत भागावर जातो, माणसं दुसरीकडेच असतात. पहिल्या वर्षी नकाशा करू नका, असंच मी सांगेन.

लाल-हिरव्याची जोडी टाळा, अनेकांना त्यातला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी चालतात. झेरॉक्सवर काळ्या-पांढऱ्यातही आलेख वाचता येतो का ते बघा. डेटारॅपरसारख्या साधनात देवनागरी नीट उमटते. आलेखाचं शीर्षक म्हणजे निष्कर्षच असू द्या: "प्रतीक्षा" असं न लिहिता "दुसरी खिडकी उघडल्यापासून प्रतीक्षा कमी झाली" असं लिहा. खाली किती रुग्णांवरून, कोणत्या तारखांचा, कोणत्या नोंदवहीतून, हे लिहायचं.

सातवी पायरी: तुलना करण्याआधी थांबा

दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवले की वर्तमानपत्राला मथळा मिळतो आणि बहुतेक वेळा अन्याय होतो. आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, एम. वाय. मध्ये, धार, झाबुआ, बडवानी, खरगोनहून अत्यवस्थ माणसं येतात; कित्येकदा इतरांनी हात टेकल्यावर. तिथला मृत्यूंचा आकडा एखाद्या छोट्या नर्सिंग होमपेक्षा जास्त असणारच. त्यावरून एम. वाय. मधल्या डॉक्टर-नर्सेसच्या कामाबद्दल काहीच कळत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं 1989 पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांचा डेटा गोळा करून, रुग्ण किती गंभीर होता याचा हिशेब धरून रुग्णालयांचे मृत्युदर काढले आणि ते जाहीर केले. शल्यविशारदांच्या नावानिशी आकडे मात्र न्यूजडे या वृत्तपत्रानं माहिती अधिकाराखाली कोर्टात जाऊन 1991 मध्ये मिळवले. पुढच्या वर्षांत राज्यातले मृत्युदर घटले. पण आकडा बिघडेल या भीतीनं काही शल्यविशारद अतिगंभीर रुग्ण टाळू लागले का, हा वादही उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. मी जाहीर करण्याच्याच बाजूची आहे. फक्त रुग्णाच्या गंभीरतेचा हिशेब न धरता केलेलं जाहीर प्रगतिपुस्तक शेवटी गंभीर रुग्णालाच नडतं, हे विसरू नये.

सिझेरियनचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझेरियननं झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. ही तफावत विचारात पाडणारी आहे, आणि रुग्णांना ती माहीत असायलाच हवी. पण एखाद्या विशिष्ट रुग्णालयाला प्रश्न विचारायचा तर सारख्याची सारख्याशी तुलना हवी. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 पासून रॉबसन वर्गीकरण सुचवलं आहे: पहिलं बाळंतपण की नंतरचं, आधी सिझेरियन झालंय का, बाळ एक की जुळी, बाळाचं डोकं खाली आहे का, दिवस भरलेत का, कळा आपोआप सुरू झाल्या का, यावरून सगळ्या बाळंतिणी दहा गटांत बसतात. पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, या गटात सिझेरियनचं प्रमाण किती? नातेवाइकांनी विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि कुठल्याही प्रसूतिगृहाला तो आपल्या नोंदींवरून सोडवता येतो.

आठवी पायरी: आधी आतल्यांना, मग बाहेर

आलेख फलकावर जाण्याआधी दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवा, डॉक्टरांपासून पर्ची लिहिणाऱ्या दादांपर्यंत. "बुधवारी कमी रुग्ण का?" याचं उत्तर तुम्हाला तक्त्यात सापडणार नाही; त्या दिवशी आठवडी बाजार असतो हे दादाच सांगतील. चूक दाखवली तर दुरुस्त करा. आकडा अडचणीचा आहे म्हणून काढा असं कुणी म्हटलं, तर कारण फलकावर लिहायची तयारी दाखवा, पण आकडा काढू नका. आणि आकड्याला कुणा एका कर्मचाऱ्याचं नाव जोडू नका. नाव जोडलं की पुढच्या महिन्यापासून नोंदी खोट्या व्हायला लागतात.

फलक मराठीत आणि हिंदीत, दोन्हीत करा. मंडळ मराठी असलं तरी बाकावर मालवी बोलणारे, सिंधी, मुस्लिम, निमाडी सगळे असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पर्ची देताना एक वाक्य बोलून सांगायची सवय लावा: "आज साधारण अर्धा तास लागेल." गणेशोत्सवात मंडपाच्या एका बाजूला वर्षभराचे दोन-तीन आलेख लावले आणि शेजारी कुणी समजवायला उभं राहिलं, तर लोक थांबून बघतात, विचारतात. मागच्या तापाच्या दिवसांत किती जण उशिरा आले हे तिथेच कळतं, आणि पुढच्या वेळी ते लवकर येतात.

फलकाच्या खालच्या कोपऱ्यात तीन गोष्टी कायम ठेवा: शेवटचा बदल केल्याची तारीख, शंका विचारायची तर कुणाला आणि कोणत्या वेळेला, आणि आधी काही चुकलं असेल तर "अमुक तारखेला हा आकडा दुरुस्त केला" ही ओळ. दर महिन्याची फाइल वर्ष-महिना अशा नावानं साठवा आणि एक प्रत ट्रस्टच्या कार्यालयात द्या, म्हणजे तुम्ही नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलात तरी काम चालू राहील. डॅशबोर्ड, सॉफ्टवेअर, वर्गणी हे सगळं वर्षभर कागदाचा फलक नीट चालल्यानंतरच.

आणि तीन महिने ज्या आलेखाबद्दल कुणी काही विचारलं नाही, ज्यावरून काही बदललं नाही, तो उतरवा. पुन्हा बाकावर जाऊन बसा आणि विचारा, आता कशाचा त्रास होतोय. बहुधा औषधांच्या खिडकीपाशीच उत्तर मिळेल: लिहून दिलेल्या औषधांपैकी किती तिथे मिळाली, किती बाहेरून आणावी लागली. पर्चीच्या मागे दोन खुणा करून हे उद्यापासून मोजता येतं.